पीसीओएस आहे आणि वजन उतरवायचंय: इंदुरात सुरुवात कुठून करायची

रिपोर्टवर ‘पीसीओएस’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजकोशांशी, ओव्हरीशी जोडलेला हार्मोनचा आजार) लिहून आलं की बहुतेक मुली दवाखान्यातून एकच वाक्य घेऊन बाहेर पडतात: “वजन कमी करा, सगळं ठीक होईल.” किती कमी करायचं, कसं करायचं, आणि मैत्रिणीइतकंच खाऊन आपलंच का वाढतं, हे विचारायला सवडच मिळत नाही. रामबाग, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांतल्या ज्या मुलींना हे नुकतंच कळलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मीही त्यांच्यातलीच, फक्त थोडी जुनी.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. पहिलं ध्येय वजनाच्या पाच टक्के एवढंच ठेवा. वजन ७४ किलो असेल तर ३.७ किलो, बस. पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी वेळेवर यायला लागते आणि रक्तातली साखर, चरबी सुधारते. आणि प्रगती मोजायची ती वजनाच्या काट्याआधी पाळीच्या तारखांवर आणि कमरेच्या टेपवर. लग्नाआधी वीस किलो उतरवायचेत असं ठरवून सुरू केलेलं डाएट दिवाळीपर्यंतही टिकत नाही, हे मी आजूबाजूला फार पाहिलंय.

आधी निदान पक्कं करून घ्या

फक्त सोनोग्राफीत ‘पीसीओ’ (बारीक फोडांचे बीजकोश) दिसलं म्हणून पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पाया आहेत: पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं (हनुवटीवर केस, हट्टी पुरळ किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त) आणि सोनोग्राफीत बीजकोशात भरपूर बारीक फोड दिसणं. या तिन्हींपैकी कोणतीही दोन हवीत, आणि असंच चित्र दाखवणारे दुसरे आजार आधी बाजूला काढलेले हवेत. पहिल्या दोन गोष्टी असतील तर सोनोग्राफीची गरजही नसते. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात असे फोड निरोगी मुलींमध्येही दिसतात. अकरावी-बारावीच्या मुलींच्या आयांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

डॉक्टरांना विचारायच्या रक्ततपासण्या अशा: टीएसएच (थायरॉइडची), प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, गरज वाटली तर १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (हीही हार्मोनचीच), शिवाय लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची). साखरेसाठी फक्त उपाशीपोटीची तपासणी पुरेशी नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी पीसीओएसमध्ये जास्त खरं सांगते. उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजायला बऱ्याच लॅब सांगतात, पण त्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. तेवढे पैसे वाचवा. पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं करण्याआधी सांगा, कारण त्यानं टेस्टोस्टेरॉनचा आकडा बदलतो.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर एमवायच्या, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, स्त्रीरोग ओपीडीत जा. सकाळी लवकर पोचा, जुने कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावून न्या, आणि गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून न्या. ती एक चिठ्ठी डॉक्टरांचा आणि तुमचा निम्मा वेळ वाचवते.

दोन गोष्टींत वाट बघायची नाही. नव्वद दिवस उलटूनही पाळी आली नाही तर गर्भ नाही याची खात्री करून डॉक्टरांकडे जायचं. पाळी आली नाही म्हणजे सुटलो असं नसतं. गर्भाशयाचं अस्तर साठत राहतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कॅन्सरचा धोका वाढतो. दुसरं, थोड्या महिन्यांत आवाज घोगरा होणं, केस झपाट्यानं वाढणं, अंगावर रुंद जांभळे पट्टे उमटणं, यातलं काही दिसलं तर तो बहुधा साधा पीसीओएस नसतो. लगेच दाखवा.

आपलंच का वाढतं

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण मोठ्यानं बोलतो, तसं मग शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. या जास्तीच्या इन्सुलिनमुळे बीजकोश टेस्टोस्टेरॉन जास्त तयार करतात, आणि त्या टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रोटीन यकृत कमी बनवतं. म्हणून हनुवटीवर केस, म्हणून पाळी लांबते, म्हणून चरबी पोटावर बसते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि मखमली होते, तीही याच इन्सुलिनची खूण. ती घासून जात नाही. मानेला लिंबू आणि बेसन चोळणाऱ्या सगळ्या काकवांना हे सांगायला हवं.

हे कळलं की दोन गोष्टी सुटतात. आपण आळशी किंवा खादाड आहोत म्हणून हे झालं, हा अपराधभाव सुटतो. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो. आणि कुठे काम करायचंय ते दिसतं: एकाच वेळी पोटात जाणारा गोड आणि पिठूळ भार कमी करायचा, आणि ती साखर वापरणारे स्नायू वाढवायचे. पुढचं सगळं या दोन कामांभोवतीच आहे.

सुरुवातीचे आकडे

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एक-दोन किलो वर दिसू शकतात, म्हणून रोज बघू नका. कंबर मोजताना सरळ उभं राहून श्वास सहज सोडा आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, न आवळता. सलवारीची नाडी जिथे बांधता तिथे नाही. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका वाढतो. बीएमआयची (उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्याची) रेषाही आपल्यासाठी खाली आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूलपणा धरतात. रक्तदाबही लिहून ठेवा.

वही साधी असू दे. तारीख, वजन, कंबर, पाळी कधी आली. एवढंच.

पोह्यांची प्लेट

इंदुरात पोहे सोडा म्हणणारा आहारसल्ला दोन दिवस टिकतो. पोहे सोडायची गरजही नाही. गाड्यावरची प्लेट नीट बघा: वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर मूठभर सेव, जिरावण मसाला, कांदा, लिंबू आणि शेजारी दोन जिलब्या. पोहे म्हणजे स्टार्च, सेव म्हणजे तळलेलं बेसन, जिलबी म्हणजे तळलेला मैदा आणि पाक. प्रोटीन नावापुरतं. म्हणून अकराच्या सुमाराला पोट परत रिकामं वाटतं आणि चहाबरोबर पुन्हा नमकीनचा डबा उघडतो.

एकदा घरच्या छोट्या काट्यावर आपली नेहमीची मूठभर सेव ठेवून बघा. तीस ग्रॅम सहज भरते, आणि त्यात दीडशेच्या वर कॅलरी असतात. मी सेव बंद करा म्हणत नाही; इंदूरकर माणसाला ते सांगण्यात अर्थ नाही. पण ती चमच्यानं घालायची, मुठीनं नाही.

घरी करताना पोहे नेहमीच्या निम्मे भिजवा. त्यात मटार, शेंगदाणे, भरपूर कांदा. बाजूला मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ आणि दही, किंवा दोन उकडलेली अंडी. गाड्यावर खायचे असतील तर उसळ-पोहे मागा आणि “उसळ ज़्यादा, सेव कम” असं आधीच सांगा. प्लेट भरल्यावर सांगून उपयोग नसतो. जिलबी रविवारी, एक, घरच्यांबरोबर. ती चोरून खायची वस्तू झाली की मग एकावर थांबत नाही.

दुपारच्या-रात्रीच्या ताटाचं गणित सोपं आहे. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ, वरण, पनीर, अंडं किंवा मासे, उरलेलं पाव पोळी नाहीतर भात. दोन्ही नाही, दोन्हींतलं एक. आपल्या घरांत वरण म्हणजे वाटीभर पाणी आणि तळाशी डाळ असते, ते मात्र बदलावं लागेल. वरण घट्ट करा आणि दोन वाट्या घ्या. कोशिंबीर आणि उसळ आधी खाल्ली, पोळी नंतर, तर जेवणानंतर साखर कमी चढते. हे फुकटात होतं, आणि घरच्यांचा स्वयंपाक वेगळा करावा लागत नाही.

प्रोटीन दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम धरा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तीस ग्रॅम सुक्या सोयावडीत पंधराच्या आसपास. माळव्यातली शेतं सोयाबीननं भरलेली आहेत, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे, आणि तरी आपल्या मराठी स्वयंपाकघरात सोयावडी क्वचितच दिसते. गरम पाण्यात भिजवून, पिळून, काळा मसाला घालून वांग्याच्या भाजीत टाका. स्वस्त आहे, पोट धरून ठेवते.

चहा वेगळा मोजा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जिभेला फार कळत नाही.

सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार? जा की. पण जेवून झाल्यावर नाही, जेवणाऐवजी. घरी वरणभात खाऊन रात्री अकराला वरून गराडू (तळलेला कंद) आणि साबुदाण्याची खिचडी, ही शरीराला रात्रीची दोन जेवणं झाली. भुट्ट्याचा कीस दोघींत एक, एक दहीबडा, आणि राजवाड्यापासून पायी फिरून परत.

कोणतं डाएट सर्वांत चांगलं, कीटो (पिठूळ-गोड जवळपास बंद) की इंटरमिटंट (ठरावीक तास उपाशी) की आणखी काही, हा प्रश्न प्रत्येक मुलगी विचारते. पीसीओएससाठीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतंही एक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेलं नाही. जे तुमच्या घरात वर्षभर चालेल, ते तुमचं. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे; त्याहून जोरात उतरवणाऱ्या पावडरी आणि शेक विकणाऱ्यांपासून लांब राहा.

उपवासाचे दिवस

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार धरले तर काही घरांत महिन्याचे पाच-सहा दिवस उपवासाचे होतात, आणि तेच दिवस सर्वांत जड जातात. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. त्यात बटाटा, त्यात तूप. त्याऐवजी मोरधनाचा (भगरीचा) भात थोडा आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, सोबत काकडीची कोशिंबीर, दही किंवा ताक. राजगिऱ्याची भाकरीही चांगली, राजगिऱ्याचे लाडू मात्र गुळाचे असतात हे विसरू नका. दिवसभर कडकडीत उपाशी राहून रात्री एकदम भरपेट खाण्यापेक्षा दोनदा थोडं खाल्लेलं बरं. देव काही म्हणणार नाही. आजी म्हणेल, तर तिला हे सगळं उपवासाचंच आहे असं दाखवून द्या.

चालणं पुरत नाही, उठाबशाही हव्यात

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम तब्येतीसाठी, आणि वजन उतरवायचं तर साधारण २५० मिनिटं. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. नवख्या मुलींनी एकदम तास काढू नये. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. जेवणानंतरचं चालणं साखर थेट खाली आणतं, आणि त्यासाठी गच्ची किंवा सोसायटीचा रस्ताही पुरतो. महिनाभरानं सकाळचा अर्धा तास जोडा: नेहरू पार्क, लालबाग, मेघदूत, पिपल्यापाल्याचा रीजनल पार्क, जे जवळ असेल ते. मे महिन्यात सहाच्या आत बाहेर पडा, नाहीतर रात्री आठनंतर. दम वाढला की एखाद्या रविवारी रालामंडलची टेकडी चढून होळकरांच्या शिकारगाहापर्यंत जा. चढावर मांड्यांना जे काम मिळतं ते सपाट रस्त्यावर मिळत नाही.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम कराच, मध्ये एक दिवस सोडून. बायका हाच भाग टाळतात. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, तीनदा. भिंतीवर पुशअप. पाच किलो आट्याची पिशवी छातीशी धरून जिना चढायचा. स्नायू साखर ओढून घेतात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत काटा हलला नाही तरी कमरेची टेप सैल व्हायला लागते. वही ठेवायला सांगितली ती यासाठीच.

झोप आणि घरचे

जोरात घोरणं, सकाळी डोकं जड, दिवसा कुठेही डुलकी लागणं, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जास्त आढळतो आणि त्यावर उपाय झाल्याशिवाय वजन उतरवणं अवघड जातं. उदासपणा आणि घबराटही या आजारात जास्त दिसतात. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर डाएट बाजूला ठेवा आणि आधी त्याचा उपचार घ्या.

आणि नातेवाईक. “थोडी बारीक हो गं, स्थळं यायला लागतील” हे वाक्य गणपतीत, हळदीकुंकवात, लग्नात, सगळीकडे भेटतं. ते मनाला लागतं, आणि त्या दिवशी रात्री माणूस जास्त खातो. उत्तर आधीच तयार ठेवा: “आत्या, डॉक्टरांचा उपचार चालू आहे. वजनाचं विचारू नकोस, त्यापेक्षा संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला चल.” सासरी असाल तर सासूबाईंना सोबत दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी हा हार्मोनचा आजार आहे असं त्यांच्यासमोर सांगितलं की घरातली अर्धी कुजबुज थांबते, आणि तेलाची बरणीही त्यांच्याच हातात असते.

औषधं

“मला साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?” मेटफॉर्मिन लिहून दिलं की हा प्रश्न येतो. ती इन्सुलिनचं काम सुधारण्यासाठी असते. वजन तिनं थोडंसंच उतरतं, पण पाळीला आणि साखरेला मदत होते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. जेवणासोबत, कमी मात्रेपासून हळूहळू वाढवली आणि सावकाश विरघळणारी गोळी मागितली तर त्रास कमी होतो. वर्षानुवर्षं घेतल्यास रक्तातलं व्हिटॅमिन बी१२ तपासत राहा, शाकाहारी मुलींनी तर नक्कीच.

थायरॉइडही असेल, आणि दोन्ही एकत्र असलेल्या मुली खूप भेटतात, तर थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. ही गोळी आणि लोह, कॅल्शियम, सोयाबीन यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा. थायरॉइड नॉर्मल असताना फक्त बारीक व्हायला ही गोळी कुणी दिली तर घेऊ नका. हृदयाचे ठोके बिघडतात.

२०२५ पासून वजनासाठी सेमाग्लुटाइड आणि तिरझेपटाइड ही इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. वजन खरंच उतरतं, पण थांबवल्यावर बरंचसं परत येतं, आणि गर्भ राहणार असेल तर ती चालत नाहीत. मैत्रिणीचं बघून नव्हे, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

तीन महिन्यांनी

वही घेऊन परत डॉक्टरांकडे जा. पाच टक्के झाले असतील तर पुढचं पाच टक्क्यांचं ठरवा, नाहीतर सहा महिने आहे तिथेच टिकवून धरा. तेही काम आहे. काहीच हललं नसेल तर स्वतःला कोसत बसू नका. औषध बदलायची किंवा जोडायची वेळ आली आहे, तसं स्पष्ट विचारा.

वजन उतरायला लागलं की बीज पुन्हा सुटू लागतं, कधी कधी पाळी नियमित दिसायच्या आधीच. आत्ता बाळ नको असेल तर गर्भनिरोधनाची सोय आधी करा. “पीसीओएस आहे, मला कुठे दिवस राहणार” या भरवशावर राहू नका. बाळ हवं असेल तर निदान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करा आणि चालू असलेली सगळी औषधं, केसांसाठीची सुद्धा, डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातली काही गर्भारपणात चालत नाहीत. रक्तदाब दरवर्षी, साखर एक ते तीन वर्षांनी तपासायची, वजन कितीही उतरलं असलं तरी.